गाडीला ओरखडा पडला, क्लेम टाकायचा की खिशातून भरायचं? आधी हा हिशोब बघा

पंढरपूर, प्रतिनिधी :

गाळप हंगाम सुरू झाला की आपल्याकडं रस्त्याचं रूपच बदलतं. पंढरपूर-मंगळवेढा घ्या, सांगोला रस्ता घ्या नाहीतर गावातून कारखान्याकडं जाणारी कुठलीही अरुंद वाट घ्या. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, बाहेर लोंबकळणारा ऊस, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. त्यातून चारचाकी काढायची म्हणजे जीव मुठीत धरून काढायची. या दिवसांत गावात कुणाचा आरसा जातो, कुणाचा बंपर फुटतो, कुणाच्या दारावर ऊस घासून लांबच लांब ओरखडे उमटतात.

त्यात गाड्याही वाढल्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला. तेव्हापासून गावात बऱ्याच दारांपुढं पहिल्यांदाच चारचाकी उभी राहिलेली दिसते. गाडी आली, तिच्यासोबत विमा आला. आणि पहिला ओरखडा पडला की प्रत्येक घरात एकच प्रश्न येतो, क्लेम टाकायचा की खिशातून भरायचं?

बहुतेक जण म्हणतात, "विमा भरलाय ना, मग टाका की क्लेम. फुकटात काम होतंय." मीसुद्धा हेच म्हणालो होतो. ते फुकट मला कसं महागात पडलं ते आधी सांगतो, मग हिशोब मांडतो.

माझा हौद आणि माझा बंपर

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. तिन्हीसांजेला गाडी मागं घेत होतो. गोठ्यापुढं नवीन सिमेंटचा हौद बांधलाय हे डोक्यातच राहिलं नाही. पोरगं "पप्पा, थांबा" म्हणेपर्यंत आवाज झालाच. मागचा बंपर चिरला, डिकीच्या दाराला पोचा आला. माणसाला काही नाही, हौदालाही काही नाही.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी कंपनीच्या वर्कशॉपला गाडी नेली. तिथल्या माणसानं फिरून बघितलं आणि सांगितलं, "विमा चालू आहे ना? मग काळजी कशाला, क्लेम टाका." मी टाकला. बिल झालं १२,४०० रुपये. विमा कंपनीनं ८,१५० दिले, मी ४,२५० भरले. घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं की बारा हजाराचं काम चार हजारात केलं.

दिवाळीच्या आधी विम्याची मुदत संपत आली. एजंटनं व्हॉट्सॲपवर आकडा पाठवला, १३,४७१ रुपये. मी म्हणालो, चूक झाली असेल, गेल्या वर्षी दहा हजाराच्या आसपास होता. एजंट म्हणाला, "साहेब, तुम्ही क्लेम घेतला ना, बोनस गेला. क्लेम नसता तर यंदा ९,२२३ रुपयेच बसले असते."

म्हणजे एका वर्षातच ४,२४८ रुपये जास्तीचे गेले. पेंडीची दोन पोती येऊन वर पैसे उरले असते. बायको एवढंच म्हणाली, "फुकट झालं म्हणत होता ना?"

पुढं आमच्या गावातल्या डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या मिस्त्रीला सहज विचारलं, तेवढं काम तू केलं असतंस तर किती घेतले असतेस? तो म्हणाला, बंपर बदलायची गरजच नव्हती, चीर जोडून, पोचा काढून, रंग मारून साडेसहा हजारात केलं असतं.

तेव्हा बसून वहीवर हिशोब केला. तोच इथं देतोय.

विम्याचा प्रीमियम म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी

आपण विमा म्हणतो, पण पॉलिसीच्या कागदावर दोन भाग असतात.

पहिला भाग थर्ड पार्टीचा. आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं, कुणाला लागलं किंवा कुणाचा जीव गेला तर त्याची भरपाई या भागातून होते. हा कायद्यानं सक्तीचा आहे. दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरानं १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यावरच्या गाडीला ७,८९७ रुपये. यात बोनस नसतो.

दुसरा भाग ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. कागदावर ओडी लिहिलेलं असतं. हा गाडीच्या किमतीवर ठरतो. पॉलिसीवर गाडीची जी किंमत धरलेली असते तिला आयडीव्ही म्हणतात. नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी, मिळतो तो फक्त याच भागावर.

या दोन्हींच्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी लागतो. इथं एक गैरसमज काढून टाका. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी माफ झाला तो वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा. गाडीच्या विम्यावर १८ टक्के तसाच आहे.

बोनसची शिडी

वर्षभर क्लेम घेतला नाही की पुढच्या वर्षी ओडी प्रीमियममध्ये सूट मिळते. ती अशी चढत जाते :

एक वर्ष क्लेम नाही : २० टक्के
सलग दोन वर्षं : २५ टक्के
सलग तीन वर्षं : ३५ टक्के
सलग चार वर्षं : ४५ टक्के
सलग पाच वर्षं : ५० टक्के, आणि पुढं क्लेम नसेपर्यंत ५० टक्केच

साप-शिडीचा खेळ आठवा. चढायला पाच वर्षं लागतात आणि एका क्लेममध्ये थेट खाली शून्यावर. क्लेम दोन हजाराचा असो की दोन लाखाचा, बोनस सारखाच जातो. छोट्या क्लेमचा खरा तोटा इथं आहे.

क्लेममध्ये पूर्ण पैसे मिळत नाहीत

माझं बिल १२,४०० झालं आणि हातात ८,१५० चाच फायदा आला, तो का? साध्या पॉलिसीत, म्हणजे झिरो डेप नसेल तर, कंपनी सुट्या भागांची झीज धरून पैसे कापते.

प्लास्टिक, रबर, नायलॉनचे भाग, टायर, ट्यूब, बॅटरी : निम्मे पैसे कापले जातात.
फायबरचे भाग : ३० टक्के कापतात.
काच : काही कापत नाहीत.
धातूचे भाग : गाडीच्या वयाप्रमाणं. पहिले सहा महिने काही नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० आणि दहाच्या वर ५० टक्के.
रंग : रंगकामाच्या एकूण बिलातला २५ टक्के भाग मालाचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात.

शिवाय प्रत्येक क्लेमला सुरुवातीची ठरावीक रक्कम मालकानं भरायचीच असते. १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये, त्यावरच्या गाडीला २,००० रुपये. तिला सक्तीचं डिडक्टिबल म्हणतात.

आता माझं बिल बघा. बंपर ४,२०० रुपये, प्लास्टिकचा म्हणून मिळाले २,१००. रंग ६,०००, त्यातला माल १,५०० धरला, त्याचे निम्मे म्हणजे ७५० कापून मिळाले ५,२५०. पोचा काढायची मजुरी १,८०० पूर्ण मिळाली. क्लिपा आणि किरकोळ सामान ४०० रुपये, त्याचं काही नाही. बेरीज झाली ९,१५०. त्यातून डिडक्टिबलचे १,००० गेले. राहिले ८,१५०.

बोनस नेमका किती रुपयांचा गेला?

माझ्या पॉलिसीत बोनस धरायच्या आधीचा ओडी प्रीमियम ८,००० रुपये आहे आणि मी ३५ टक्क्यांवर होतो. पुढं पाच वर्षं एकही क्लेम नाही आणि प्रीमियम तेवढाच राहतो असं धरून दोन्ही वाटा शेजारी ठेवू.

पहिलं वर्ष : क्लेम नसता तर सूट ४५ टक्के, घेतल्यावर शून्य. फरक ३,६०० रुपये.
दुसरं वर्ष : ५० ऐवजी २०. फरक २,४००.
तिसरं वर्ष : ५० ऐवजी २५. फरक २,०००.
चौथं वर्ष : ५० ऐवजी ३५. फरक १,२००.
पाचवं वर्ष : ५० ऐवजी ४५. फरक ४००.
सहाव्या वर्षी दोन्ही वाटा ५० वर येऊन मिळतात.

एकूण फरक ९,६०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ११,३२८ रुपये.

म्हणजे मी कंपनीकडून ८,१५० रुपये घेतले आणि पाच वर्षांत ११,३२८ रुपये परत देणार. वर खिशातून भरलेले ४,२५० वेगळेच. माझा एकूण खर्च झाला १५,५७८. गावातल्या मिस्त्रीकडं हेच काम साडेसहा हजारात उरकलं असतं. वर्कशॉपमध्येच स्वतःच्या पैशानं पूर्ण १२,४०० भरून केलं असतं तरी तीन हजार वाचले असते.

एक गोष्ट खरी, की गाडी जुनी होईल तशी तिची किंमत आणि ओडी प्रीमियम उतरतो, त्यामुळं प्रत्यक्षात फरक थोडा कमी भरेल. आणि मध्येच दुसरा मोठा अपघात होऊन क्लेम घ्यावा लागला तर बोनस तेव्हा जाणारच होता. पण आज निर्णय घेताना हाच हिशोब डोळ्यापुढं ठेवावा लागतो.

सोपं गणित : दीडपट

प्रत्येकाला एवढी आकडेमोड करायला वेळ नसतो. म्हणून सगळ्या पायऱ्यांचा हिशोब करून एक ढोबळ नियम काढलाय. एका क्लेममुळं पाच वर्षांत जाणारा बोनस जीएसटीसह असा पडतो :

गाडीचं पहिलंच वर्ष, अजून बोनस नाही : मूळ ओडी प्रीमियमच्या साधारण ६० टक्के.
सध्या २० टक्क्यांवर : साधारण ९५ टक्के, म्हणजे जवळपास एकपट.
सध्या २५ टक्क्यांवर : साधारण सव्वापट.
सध्या ३५ टक्क्यांवर : साधारण १.४ पट.
सध्या ४५ किंवा ५० टक्क्यांवर : साधारण दीडपट.

मूळ ओडी प्रीमियम म्हणजे बोनस वजा करायच्या आधीचा आकडा. पॉलिसीच्या पीडीएफमध्ये एनसीबी लिहिलेल्या ओळीच्या वर तो सापडतो.

आता करायचं काय? वर्कशॉपकडून इस्टिमेट घ्या. कापाकापी आणि डिडक्टिबल जाऊन कंपनीकडून हातात किती येतील ते विचारा. तो आकडा वरच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर खिशातून भरा. बराच जास्त असेल तर क्लेम टाका. उदाहरणार्थ, मूळ ओडी ६,००० आणि बोनस ५० टक्के असेल तर दीडपट म्हणजे ९,०००. कंपनी सात हजार देणार असेल तर क्लेम टाकून तोटाच आहे. पंचवीस हजार देणार असेल तर विचार करत बसू नका.

मग विमा भरायचा कशाला?

हा प्रश्न पारावर मला चार जणांनी विचारला. विमा भरायचा तो मोठ्या घावासाठी. ओरखड्यासाठी नाही.

समजा, रात्री बिगरदिव्याच्या ट्रॉलीवर गाडी आदळली. गाडी सहा वर्षांची, झिरो डेप नाही. बिल ८५,००० रुपये. त्यात धातूचे भाग ३०,०००, प्लास्टिक २०,०००, काच ५,०००, मजुरी १८,००० आणि रंग १२,०००. धातूचे ४० टक्के म्हणजे १२,००० कापले, प्लास्टिकचे १०,०००, रंगाचे १,५०० आणि डिडक्टिबलचे १,०००. एकूण २४,५०० आपल्याला, ६०,५०० कंपनीला. बोनस ५० टक्के असला आणि माझाच ८,००० चा ओडी प्रीमियम धरला तरी पाच वर्षांचा तोटा ११,८०० रुपये. इथं क्लेम न घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

आणि कुणी जखमी असेल तर हा हिशोब करायचाच नाही. जखमीला आधी दवाखान्यात न्यायचं, पोलिसांना कळवायचं, विमा कंपनीला कळवायचं. "दहा हजार घे आणि मिटव" असं रस्त्यावर करून मोकळं झालं आणि पुढं त्या माणसाचं दुखणं वाढलं, तर कोर्टाची पायरी चढावी लागते आणि वेळेवर कळवलं नाही म्हणून कंपनीही हात वर करायला बघते.

क्लेम टाकायच्या वेळी हे लक्षात ठेवा

झिरो डेप असेल तर भागांची झीज कापत नाहीत, त्यामुळं हातात जास्त पैसे येतात. पण बोनस तरीही जातो. बहुतेक कंपन्या वर्षाला किती क्लेम याची मर्यादाही घालतात. बोनस वाचवायचा असेल तर एनसीबी प्रोटेक्ट नावाचं वेगळं कलम जास्तीचे पैसे भरून घ्यावं लागतं. तुमच्या कागदावर ते आहे का, आणि किती क्लेमपर्यंत आहे, हे वाचून घ्या.

याच पॉलिसी वर्षात आधी एक क्लेम झालेला असेल तर बोनस गेलेलाच आहे. मग दुसऱ्या नुकसानीला क्लेम टाकताना त्याची भीती नाही, फक्त डिडक्टिबल पुन्हा भरावं लागेल.

दोन वेगवेगळ्या वेळची नुकसानं एका क्लेममध्ये बसत नाहीत. "जुने ओरखडेही यातच बसवून देतो" असं गॅरेजवाला म्हणाला तर नाही म्हणा. ती फसवणूक आहे, आणि कागदावर सही तुमची असते, त्याची नाही.

प्रीमियम अगदी स्वस्त बसला असेल तर पॉलिसीत ऐच्छिक डिडक्टिबल टाकलंय का बघा. ते २,५०० पासून १५,००० रुपयांपर्यंत असतं. म्हणजे क्लेममध्ये एवढे पैसे आधी तुमचे जाणार. स्वस्त कोटेशन दाखवायला काही वेळा हे न सांगता टाकलेलं असतं.

नूतनीकरण करताना क्लेम झालेला असून "क्लेम नाही" अशी खूण करू नका. कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करते. खोटं सापडलं तर ऐन मोठ्या अपघाताच्या वेळी ओडीचा क्लेम अडतो. चारेक हजार वाचवायला जाऊन लाख रुपये घालवू नका.

मुदत संपल्यावर ९० दिवसांच्या आत विमा नवा केला नाही तर साठवलेला सगळा बोनस जातो. उसाचं बिल आलं की भरू म्हणून बरेच जण इथं फसतात. शिवाय विमा नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा सापडलं तर ४,००० रुपये दंड आहे, तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेताना कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीला ती सूट मिळते. उलट, गाडी विकून पुन्हा घ्यायचीच नसेल तर बोनसला किंमत उरत नाही. मग शेवटच्या वर्षी खरं नुकसान झालं तर क्लेम खुशाल घ्या.

जुनी गाडी घेतलीय? मग हे आधी वाचा

ही गोष्ट मुद्दाम वेगळी लिहितोय, कारण यात आमच्या भावकीतलं एक घर पोळलंय.

माझ्या चुलतभावानं सेकंडहँड गाडी घेतली. आरसी बुकावर नाव चढवून घेतलं. विमा सात महिने बाकी होता, तो जुन्या मालकाच्या नावावर. भाऊ म्हणाला, "मुदत आहे की अजून, संपला की आपल्या नावानं काढू." चौथ्या महिन्यात उसाच्या ट्रॉलीला मागून धडक बसली. माणसं वाचली, पण गाडीचं तोंड गेलं. क्लेम टाकला, तर कंपनीनं सांगितलं की विमा तुमच्या नावावर नाही, ओन डॅमेजचे पैसे देता येत नाहीत. सत्तर हजार रुपये घरातून घालावे लागले. उसाचं बिल तेव्हा जमा झालेलं नव्हतं. वहिनींचं सोनं गहाण टाकलं. ते अजून सुटलेलं नाही.

मोटार वाहन कायद्यात सोय अशी आहे की गाडी विकली की थर्ड पार्टीचा भाग आपोआप नव्या मालकाकडं येतो. ओन डॅमेजचा येत नाही. त्यासाठी नव्या मालकानं चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडं अर्ज करावा लागतो. जुन्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागतो. तो भरा. दोन-तीन हजाराकडं बघू नका.

दुसरी एक चूक. खासगी पासिंगच्या गाडीत भाडं घेऊन माणसं नेणं, आपल्या भाषेत वडाप करणं. पंढरीच्या वारीला, लग्नाला, बाजाराला हे चालतंच. पण भाडं घेऊन जाताना अपघात झाला आणि ते उघड झालं तर कंपनी क्लेम नाकारू शकते. दारू पिऊन किंवा लायसन नसताना चालवली तरी तेच.

पिकअप, छोटा टेम्पो असलेल्यांनी आणखी एक बघावं. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत आयएमटी २३ हे कलम घेतलेलं नसेल तर बंपर, दिवे, मडगार्ड, टायर आणि रंग यांचे पैसे साध्या अपघातात मिळत नाहीत. आपल्याकडच्या छोट्या धडकेत फुटतं ते नेमकं हेच.

समोरच्याची चूक असेल तर?

ट्रॉलीवाल्याची चूक आहे, मग पैसे त्याच्या विम्यातून मिळायला हवेत, हे बरोबर आहे. पण त्यासाठी पोलिसात नोंद आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढं दावा, अशी लांबची वाट आहे. आठ-दहा हजाराच्या नुकसानीसाठी कुणी तिकडं जात नाही. म्हणून आपल्याकडं जागेवर मिटवतात.

मिटवायला हरकत नाही, पण कुणालाही लागलेलं नसेल तरच. दोन्ही गाड्यांचे नंबरासकट फोटो काढा. दोघांच्या सहीचा चार ओळींचा कागद करा. पैसे शक्यतो फोनवरून घ्या-द्या, म्हणजे पुरावा राहतो. त्याच नुकसानीचे पैसे समोरच्याकडून घेऊन परत कंपनीकडून पूर्ण मागायचे नाहीत. आणि गावातली ओळख आहे म्हणून आवाज चढवू नका. ट्रॅक्टरवर बसलेला पोरगा बहुतेक वेळा पगारी ड्रायव्हर असतो. दिवा न लावायचा निर्णय त्याचा नसतो.

कंपनीनं अडवलं तर

क्लेम टाकायचा ठरला तर लगेच कळवा, चार-आठ दिवस घालवू नका. गाडी हलवायच्या आधी फोटो आणि व्हिडिओ घ्या. कंपनीनं पाहणी करेपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका. आरसी, लायसन आणि पॉलिसी मोबाईलमध्ये ठेवा.

विनाकारण पैसे कापले किंवा नाकारले तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या टोल फ्री नंबरवरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडं जाता येतं. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे, फी नाही, वकील लागत नाही.

शेवटी एवढंच

माझे गेलेले पैसे काही परत येणार नाहीत. यंदा मात्र दोन गोष्टी केल्यात. एक, वर्षाला बोनसमुळं वाचणारे पैसे वेगळे बाजूला टाकायचे, गाडीचा गल्ला म्हणून. छोटा ओरखडा त्यातून निघतो आणि विम्याला हात लागत नाही. दोन, हौदाच्या कडेला जुन्या टायरचे तुकडे ठोकलेत.

तुमच्या घरात गाडी असेल तर आज रात्री जेवण झाल्यावर पॉलिसीची पीडीएफ उघडा आणि चारच गोष्टी बघा. विमा कुणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते, मूळ ओडी प्रीमियम किती आणि बोनस किती टक्के. हे चार आकडे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. घासाघीस झाल्यावर वर्कशॉपच्या दारात उभं राहून हिशोब सुचत नाही, तिथं "टाका क्लेम" हेच सोपं वाटतं.

आणि ट्रॅक्टर मालकांना हात जोडून विनंती, ट्रॉलीच्या मागं लाल दिवा आणि रिफ्लेक्टर लावा. त्याचा खर्च कुठल्याही क्लेमपेक्षा कमी आहे.